पाखराच्या पायातले कडे

हिवाळ्यात खारदांड्याच्या बंदरावर ओहोटी लागली की पाणी मागे सरते आणि काळसर, मऊ चिखल उघडा पडतो. होड्या एका अंगावर कलतात. मासळी उतरवल्यानंतर राहिलेल्या तुकड्यांसाठी कुरव घिरट्या घालू लागतात. या कुरवांपैकी तपकिरी डोक्याचा कुरव उन्हाळ्यात लडाख, तिबेट आणि पामीरच्या उंच तळ्यांकाठी पिल्ले वाढवतो. मुंबईच्या चिखलावर चोच खुपसत तुरुतुरु पळणारे छोटे टिलवे तर उत्तर ध्रुवाजवळच्या रशियन टुंड्रात जन्मलेले असतात. कोळीवाड्यातल्या माणसाला रोज दिसणारे हे पाखरू वर्षभरात पाच-सहा देशांच्या हद्दी ओलांडून आलेले असते, आणि त्यातल्या कोणत्याही एका देशाने आपला चिखल बुजवला तर त्याची झळ या पाखराला बसते.

ही गोष्ट आज शाळेच्या पुस्तकात असते. शंभर वर्षांपूर्वी मात्र ती अंदाजाचीच बाब होती. भारतात तिला पुराव्याचा आधार मिळाला तो प्रामुख्याने एका माणसाच्या चिकाटीमुळे. खारदांड्यापासून दक्षिणेला थोड्याच अंतरावर असलेल्या पाली हिलवर ते अनेक वर्षे राहिले. त्यांचे नाव डॉ. सलीम अली.

खेतवाडीतला पोरका मुलगा

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. ते घरातले शेंडेफळ. ते एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भावंडांना गिरगावजवळच्या खेतवाडीत वाढवले. घरात शिकारीचे वातावरण होते. लहानग्या सलीमला छऱ्याची बंदूक मिळाली होती आणि चिमण्या टिपणे हा त्याचा उद्योग होता.

एके दिवशी त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीसारखी ती नव्हती. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि मुलाला संस्थेतला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. 1883 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेशी तिथे जडलेले नाते पुढे आयुष्यभर टिकले.

औपचारिक शिक्षणात मात्र त्यांचे मन रमले नाही. सेंट झेवियर्स कॉलेजातले पहिले वर्ष अर्धवट टाकून ते ब्रह्मदेशातल्या तव्हॉय येथे घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात मदत करायला गेले. तिथे व्यवसायापेक्षा जंगलातच त्यांचा वेळ अधिक गेला. 1917 मध्ये परत आल्यावर त्यांनी व्यापाराचे शिक्षण घेतले आणि सोबत झेवियर्समध्ये प्राणिशास्त्रही शिकले. 1918 मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1926 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या (आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या) निसर्ग विभागात त्यांना मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. पण पक्ष्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा तर नमुने दाखवत फिरणे पुरेसे नाही, हे त्यांना लवकरच जाणवले. रजा घेऊन ते जर्मनीला गेले.

हेलिगोलँडचा धडा

बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेसमान हे त्या काळातले मोठे पक्षितज्ज्ञ काम करत होते. सलीम अली त्यांच्या हाताखाली शिकले. मेलेल्या पक्ष्याची जात ठरवण्यापेक्षा जिवंत पक्षी काय करतो, कुठे जातो, काय खातो, हा प्रश्न महत्त्वाचा, ही दृष्टी त्यांना तिथे मिळाली. याच मुक्कामात त्यांनी उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड या चिमुकल्या बेटावरची पक्षी वेधशाळा पाहिली आणि तिथले काम शिकून घेतले.

हेलिगोलँडवर स्थलांतराच्या दिवसांत पक्षी पकडत, त्यांच्या पायात हलके धातूचे कडे अडकवत आणि त्यांना सोडून देत. कड्यावर क्रमांक आणि संस्थेचे नाव असे. तो पक्षी पुढे दुसऱ्या देशात कुणाच्या हाती लागला आणि त्याने कळवले, की नकाशावर दोन ठिपके मिळत. हजारो पक्ष्यांना कडी घातल्यावर त्यातल्या मोजक्यांचीच खबर परत येते, पण ती खबर पक्की असते.

या बेटाच्या समोरचा किनारा म्हणजे वॅडन समुद्र. डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्स या तीन देशांच्या काठाने पसरलेला भरती-ओहोटीचा हा प्रचंड चिखलपट्टा आहे. दरवर्षी सुमारे एक कोटी ते एक कोटी वीस लाख स्थलांतरित पक्षी तिथून जातात. सलीम अली तिथे गेले तेव्हा त्या तीन देशांचा कारभार वेगवेगळा होता. सामायिक किनाऱ्याचा सामायिक कारभार ही कल्पना तिथे रुजायला आणखी अर्धे शतक लागायचे होते.

नोकरी गेली, सुगरण सापडली

1930 मध्ये मुंबईला परतल्यावर म्युझियममधली जागा पैशांअभावी रद्द झाल्याचे त्यांना कळले. बेकारीत शहराचा खर्च परवडेना, म्हणून पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अलींनी पावसाळाभर तिचे निरीक्षण केले. नर घरटे अर्ध्यापर्यंत विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर राहते आणि मग नर दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो, हा क्रम त्यांनी बारकाईने नोंदवला. या लेखामुळे पक्षिशास्त्रज्ञांच्या जगात त्यांचे नाव झाले.

त्यानंतरची वीस वर्षे त्यांनी संस्थानांमधल्या पक्ष्यांची सर्वेक्षणे करण्यात घालवली. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, बहावलपूर अशी ही यादी लांबलचक आहे. पगार नसे. संस्थानिकांनी प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च उचलायचा, एवढ्याच बोलीवर ते काम करत. बहुतेक दौऱ्यांत तेहमिना सोबत असत आणि मुक्कामाची व्यवस्था त्याच पाहत. 1939 मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर रक्तात विषबाधा होऊन त्यांचा मृत्यू झाला. प्रतिजैविके सर्रास मिळण्याआधीचा तो काळ होता. सलीम अली मोडून पडले. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना वांद्र्याच्या पाली हिलवरच्या घरी आणले. पुढे तेच त्यांचे घर झाले. 1941 मध्ये आलेले त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक मात्र घरोघरी पोहोचले. नेहरूंनी ते आपल्या मुलीला, इंदिरा गांधींना, भेट दिले होते.

रणातले शहर

कच्छच्या महारावांच्या निमंत्रणावरून 1940 च्या दशकात सलीम अलींनी कच्छचे पक्षी नोंदवले. 1945 मध्ये ते मोठ्या रणाच्या आत, रोहित पक्ष्यांच्या वसाहतीपर्यंत पोहोचले. पावसाचे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी रणात साचते तेव्हा मैलोन् मैल उथळ सरोवर तयार होते. त्या पाण्यात रोहित चिखलाचे छोटे बुरूज रचतात आणि प्रत्येक बुरुजावर एक अंडे घालतात. सलीम अलींनी या वसाहतीतल्या पक्ष्यांचा अंदाज लाखांच्या घरात बांधला. आशियातल्या सर्वांत मोठ्या पक्षी वसाहतींपैकी ती एक होती.

दोन वर्षांत फाळणी झाली. रणाच्या उत्तरेला आंतरराष्ट्रीय सीमा आली. 1965 मध्ये याच रणात भारत आणि पाकिस्तानचे सैन्य भिडले आणि 1968 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने रणातल्या सीमेचा निवाडा दिला. रणाच्या पश्चिम टोकाला, सर क्रीकच्या मुखाशी, हद्द अजून ठरलेली नाही. तिथल्या पाण्यात दोन्ही देशांचे मच्छीमार पकडले जातात आणि वर्षे-वर्षे तुरुंगात राहतात. रोहितांना मात्र त्याच रणात पाणी साचले की नाही, एवढेच पाहायचे असते. इराणच्या उर्मिया सरोवरात कडी घातलेले रोहित भारतात मिळाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे कच्छच्या एका बुरुजाचा हिशेब तीन-चार देशांच्या पाण्याशी जोडलेला आहे.

सलीम अलींनी अमेरिकी शास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ले यांच्यासोबत लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ 1968 ते 1974 या काळात प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात भारताबरोबर पाकिस्तान आहे आणि नेपाळ, सिक्कीम, भूतान, श्रीलंकाही आहेत. या सहा वर्षांतच 1971 चे युद्ध झाले आणि बांगलादेश जन्माला आला. ग्रंथाची आखणी मात्र पक्ष्यांच्या प्रदेशावरून झाली होती, त्यामुळे नकाशा बदलला तरी ती बदलावी लागली नाही.

तापाने दिलेले पैसे

कडी घालण्याचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवायचा हे सलीम अलींचे जुने स्वप्न होते. सोसायटीने 1920 च्या दशकात धार संस्थानात बदकांना कडी घालून सुरुवात केली होती, पण पैशांअभावी ते काम रखडतच राहिले. शेवटी पैसे आले ते एका रोगामुळे.

1957 मध्ये आजच्या कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ आसपासच्या गावांतली माणसे तापाने फणफणली. डोके आणि अंग असह्य दुखणे, काहींना रक्तस्राव, काहींच्या मेंदूवर परिणाम, अशी लक्षणे होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने) विषाणू शोधून काढला. तो गोचिडीतून पसरत होता आणि सायबेरियात गोचिडीतूनच पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते होते. मग प्रश्न आला, की सायबेरियाचा भाऊबंद सह्याद्रीच्या जंगलात पोहोचला कसा? दर हिवाळ्यात सायबेरियातून भारतात लाखो पक्षी येतात. त्यांच्या पिसांत अडकून गोचिडी आल्या असतील का?

या शंकेचा छडा लावायचा तर कोणता पक्षी कुठून येतो, केव्हा येतो आणि अंगावर काय घेऊन येतो, हे पाहणे भाग होते. 1959 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीचा पक्षी स्थलांतर प्रकल्प उभा राहिला आणि साठी ओलांडलेले सलीम अली त्याचे प्रमुख झाले. भरतपूरचे केवलादेव, तमिळनाडूच्या टोकावरचे कोडिक्करै, कच्छ, अशा ठिकाणी तळ पडले. बारीक धाग्यांच्या जाळ्यांत पक्षी पकडायचे, वजन-मापे घ्यायची, अंगावरच्या गोचिडी काढून कुपीत ठेवायच्या, रक्ताचा थेंब घ्यायचा, कडे घालायचे आणि सोडायचे. कड्यावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे अशी इंग्रजीतली सूचना असे.

हळूहळू खबरा येऊ लागल्या. भरतपूरला कडे घातलेली बदके कझाकस्तान आणि सायबेरियात मिळाली. कोडिक्करैच्या चिखलात पकडलेले तुतारी जातीचे छोटे पक्षी उत्तर रशियात सापडले. रोगाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र वेगळे निघाले. क्यासनूरचा विषाणू स्थलांतरित पक्ष्यांनी आणल्याचा पुरावा मिळाला नाही. तो इथल्याच जंगलात, इथल्याच गोचिडींमध्ये आणि लहान सस्तन प्राण्यांमध्ये टिकून होता. जंगलात माणसाची आणि गुरांची वर्दळ वाढली तसा तो माणसापर्यंत आला. 2016 पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि बांदा परिसरात माकडताप म्हणून जो आजार ओळखला जातो, तो हाच. त्यावरचा उपाय गोचिडींपासून बचाव, मेलेल्या माकडाची तातडीने खबर आणि वेळेवर तपासणी हाच आहे. सहा दशकांपूर्वी पक्ष्यांना आरोपी ठरवून पाणथळी बुजवल्या असत्या, तर रोग थांबला नसता आणि पक्षी मात्र गेले असते.

संशयाचे सावट

सीमेपलीकडे माहिती पाठवण्याची किंमतही सलीम अलींना मोजावी लागली. 1960 च्या दशकात या कामाला अमेरिकी लष्कराच्या एका आशियाई संशोधन कार्यक्रमाचे पैसे मिळाले. रिप्ले यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी गुप्तचर खात्यात काम केले होते, ही गोष्टही लपलेली नव्हती. 1970 च्या दशकाच्या मध्यावर बातम्या आल्या, की पक्ष्यांच्या नावाखाली जैविक युद्धाची तयारी चालली आहे. संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी मदतीवर चाललेल्या संशोधनाची चौकशी केली आणि त्यात सोसायटीचे नाव आले.

सलीम अलींनी हा आरोप ठामपणे फेटाळला. त्यांची आयुष्यभराची नोंदवही उघडी होती. तरीही शंकेत तथ्याचा एक भाग होता, तो हा की पक्ष्याचा मार्ग कळला तर रोगाचा मार्गही कळू शकतो, आणि ते ज्ञान कुणाच्या हाती आहे याला महत्त्व आहे. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी पैसे घेऊन सोव्हिएत हद्दीत पोहोचणाऱ्या पाखरांचा अभ्यास करणे ही तारेवरची कसरत होती. त्यातून निघणारा धडा सरळ आहे. सामायिक किनाऱ्याची माहिती एखाद्या बड्या देशाच्या तिजोरीवर अवलंबून न ठेवता सर्व देशांनी मिळून, उघडपणे गोळा करायला हवी.

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला, तेव्हा ही गरज महाराष्ट्राला नव्याने जाणवली. देशातला तो पहिलाच नोंदलेला उद्रेक होता. तेव्हाही पहिले बोट स्थलांतरित पक्ष्यांकडे गेले. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात कुठून येतो, याच्या जुन्या नोंदी हाताशी असल्यामुळे निदान हा प्रश्न शास्त्राच्या भाषेत विचारता आला.

ओहोटीच्या चिखलाचे गणित

छोटा टिलवा जेमतेम 25 ते 30 ग्रॅमचा. परतीच्या प्रवासाआधी काही आठवडे तो झपाटल्यासारखा खातो आणि चरबी साठवतो. हीच त्याची इंधनाची टाकी. हे खाद्य त्याला ओहोटीच्या चिखलातच मिळते. किडे, बारीक खेकडे, शिंपल्यांची पिल्ले, असे सारे तिथे असते. लांब चोचीचे पक्षी खोलवरचे खातात, आखूड चोचीचे वरच्या थरातले. त्यामुळे एकाच चिखलावर अनेक जाती नांदतात. भरती आली की तो बंद होतो आणि पक्ष्यांना थोडा वेळ जवळच कुठेतरी निवांत बसावे लागते. तिथे गाड्यांचा, कुत्र्यांचा किंवा बांधकामाचा त्रास असेल तर साठवलेली चरबी उगाच उडण्यात खर्च होते.

म्हणून किनाऱ्यांची ही साखळी एकेका कडीने मोजावी लागते. सायबेरियातले घरटे सुरक्षित आहे, मधल्या तळ्यांत पाणी आहे, पण मुंबईचा चिखल भरावाखाली गेला, तर त्या पाखराचा प्रवास तिथेच खुंटतो. याच चिखलावर कोळ्याची चूलही पेटते. निवटी, कालवे, तिसऱ्या, तिवरांच्या मुळांशी वाढणारी कोळंबीची पिल्ले, हे सारे त्याच गाळाचे देणे. पक्ष्यांसाठी चांगला असलेला किनारा बहुधा जाळ्यासाठीही चांगला असतो.

करार आणि कोळीवाडा

सलीम अलींच्या उतारवयात जगाने हे तत्त्व कागदावर आणायला सुरुवात केली. 1971 मध्ये इराणमधल्या रामसर येथे पाणथळींचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पहिल्या मसुद्यावर संमती देणाऱ्या 18 देशांत भारत, पाकिस्तान, इराण आणि सोव्हिएत संघ होते. भारताने त्यात नोंदवलेल्या पहिल्या दोन पाणथळी म्हणजे ओडिशाचे चिलिका सरोवर आणि सलीम अलींनी शेतीसाठी बुजवले जाण्यापासून वाचवायला झटलेले केवलादेव. 1979 मध्ये बॉनला स्थलांतरित प्राण्यांचा करार झाला आणि 1983 मध्ये भारत त्यात सामील झाला.

वॅडन समुद्राच्या काठच्या तीन देशांनी 1978 मध्ये एकत्र बसायला सुरुवात केली. 1982 मध्ये त्यांनी संयुक्त घोषणापत्र काढले आणि 1987 मध्ये जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेनला सामायिक सचिवालय उघडले. किनाऱ्याची मालकी प्रत्येकाची वेगळी राहिली, पण पक्ष्यांची मोजणी, सीलची काळजी, पाण्याची तपासणी एका पद्धतीने होऊ लागली. आज हा पट्टा जागतिक वारसा आहे. दक्षिण आशियात असे काही उभे राहिलेले नाही. कच्छच्या रणात नाही, आणि जिथे भारत व श्रीलंकेच्या मच्छीमारांचा तंटा चालतो त्या पाल्कच्या सामुद्रधुनीतही नाही. मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात 30 देश येतात. फेब्रुवारी 2024 मध्ये समरकंदच्या परिषदेत त्यांच्यातल्या समन्वयाचे केंद्र भारतात ठेवण्याचे ठरले. हे पाऊल उशिरा पडले, पण दिशा तीच आहे.

देशांतर्गत चौकटही याच काळात घडली. नोव्हेंबर 1981 मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले. त्यातून पुढे फेब्रुवारी 1991 ची सीआरझेड अधिसूचना आली. 2011 च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांचे सर्वेक्षण करून त्यांना वेगळे संरक्षण देण्याची तरतूद झाली. तिवरे तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये बंदी घातली. कार्टर रोडलगतची तिवरे टिकून आहेत, याचे श्रेय अशा निर्णयांना आहे. पण खारदांड्यासमोरच्याच समुद्रात वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे काम चालू आहे, आणि होड्यांची वाट, जाळी टाकण्याच्या जागा, गाळाचा प्रवाह यांवर त्याचा काय परिणाम होईल, हा कोळी समाजाचा प्रश्न आहे. रामसरपासून सीआरझेडपर्यंतच्या सगळ्या कागदांची कसोटी शेवटी अशा एका बंदरावर लागते.

शेवटची वर्षे आणि नंतर

1976 मध्ये सलीम अलींना पद्मविभूषण मिळाले. निसर्गरक्षणासाठीचे जे. पॉल गेटी पारितोषिकही त्यांना मिळाले. त्याची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. 1985 मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी आत्मचरित्र आले. त्याचे शीर्षक लहानपणी पाडलेल्या त्या चिमणीवरूनच घेतले होते. 20 जून 1987 रोजी, नव्वदीत, प्रोस्टेटच्या कर्करोगाने मुंबईत त्यांचे निधन झाले. विल्हेल्म्सहाफेनचे ते सचिवालय सुरू झाले तेच हे वर्ष.

त्यांच्या मागे सोसायटीचे कडी घालण्याचे काम चालू राहिले. आता कड्यांच्या जोडीला उपग्रहाशी बोलणारी यंत्रे आली आहेत. 2022 मध्ये ठाणे खाडीत सहा रोहितांच्या अंगावर अशी यंत्रे बसवण्यात आली. त्यातल्या एकाचे नाव सलीम ठेवले होते. पाऊस जवळ आल्यावर या रोहितांनी गुजरातची वाट धरली आणि मुंबईची खाडी व कच्छ-सौराष्ट्राचा किनारा यांचे नाते यंत्राच्या नोंदीने स्पष्ट झाले. त्याच वर्षी ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला.

या कामात सामान्य माणसाचा वाटा आजही तितकाच आहे, कारण कडे घातलेला पक्षी बहुधा मच्छीमार, शेतकरी किंवा किनाऱ्यावर फिरायला आलेल्या माणसालाच दिसतो. असा पक्षी दिसला तर कड्यावरचा क्रमांक, रंग, कोणत्या पायात आहे, जागा आणि तारीख लिहून घ्यावी, जमल्यास छायाचित्र काढावे आणि मुंबईत फोर्ट येथील हॉर्नबिल हाऊसमध्ये असलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. जिवंत पक्ष्याच्या पायातले कडे काढू नये. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. एकाच जागी बरेच पक्षी मेलेले आढळले तर पशुसंवर्धन किंवा वन विभागाला लगेच कळवावे आणि मुलांना व कुत्र्यांना तिथून दूर ठेवावे. एका कड्याची एवढी खबर पोहोचली तरी, सायबेरिया आणि खारदांडा यांच्यामधली एक रेघ पक्की होते.